कंप्रेसर हुंऽऽ करून बसतोय? मोटर बदलायच्या आधी वायर बघा

दादा, तुमची पोस्ट वाचून माझेच जुने दिवस आठवले, म्हणून लांब लिहितोय. तुम्ही म्हणताय घरामागच्या शेडमध्ये २ एचपीचा सिंगल फेज हवेचा कंप्रेसर आहे, सकाळी लावला की हुंऽऽ करत बसतो, एमसीबी पडतो, दुकानदार म्हणतो मोटर कमजोर आहे, आणि आता तो विकून ३ एचपी घ्यायचा विचार आहे. कृपा करून थांबा. जी लाइन २ एचपी उचलत नाही ती ३ कशी उचलणार?

मी इंदूरला सुदामानगरात राहतो, जुनं फर्निचर घासून पॉलिश करायचा नाद आहे. मीटर पुढच्या गेटपाशी, कामाची खोली मागे, वायर गच्चीवरून फिरवून साधारण ३० मीटर. मी ती १.५ स्क्वेअरची (म्हणजे १.५ चौरस मिलिमीटर जाडीची) टाकली, कारण चालू मोटर १० अँपिअर घेते आणि वायर तेवढी सहज झेलते असा हिशोब केला. माझी सगळ्यात महागात पडलेली चूक हीच. मोटर सुटताना, म्हणजे चालू होण्याच्या क्षणी, ५-६ पट करंट ओढते, म्हणजे ५०-६० अँपिअर. ३० मीटर जायचे, ३० यायचे, १.५ स्क्वेअर कॉपरमध्ये तेवढ्यावरच ३५-४० व्होल्ट गळतात. टॉर्क (फिरवायचा जोर) व्होल्टेजच्या वर्गाने पडतो, व्होल्टेज पाऊण राहिलं तर जोर निम्म्याहून थोडाच जास्त उरतो. मग मोटर पूर्ण स्पीडला येत नाही, आतला सेंट्रिफ्यूगल स्विच (स्पीड आला की स्टार्टिंग वाइंडिंग तोडणारा) उघडत नाही, आणि जे स्टार्टिंग वाइंडिंग सेकंद-दोन सेकंदच वापरायचं असतं ते तापतच राहतं. एका सकाळी फट्‌ असा आवाज आला, बघतो तर कपॅसिटरचा काळा डबा फुगून फाटलेला, आतलं चिकट पाणी फॅन कव्हरवरून ओघळतंय, आणि खोलीभर तो जळका वास. कपॅसिटर बदलला, महिन्याभरात वाइंडिंग गेलं. रिवाइंड केलं, परत गेलं. दोन रिवाइंडिंगच्या पैशात जाड वायर जवळजवळ आलीच असती.

मधल्या काळात वीज खात्याच्या एका ऑफिसात (नाव घेत नाही) पाच चकरा झाल्या. प्रत्येक वेळी एकच उत्तर, तुमचा मंजूर लोड कमी आहे, वाढवून घ्या. फॉर्म भरला, पैसे भरले, २ चे ४ किलोवॅट झाले, मोटर तशीच हुंऽऽ. होणारच ना, मंजूर लोड कागदावर वाढला, वायर तर तीच राहिली. माणूस मोजायला आला तो मोटर बंद असताना सॉकेटमध्ये मीटर लावून २२५ बघून गेला, म्हणाला व्होल्टेज बरोबर आहे. मोटर चालू करून बघा म्हटलं तर ते आमचं काम नाही म्हणे. याचा राग मला अजून आहे, कारण एवढं एक रीडिंग घेतलं असतं तर दुसरं वाइंडिंग वाचलं असतं. (लोड वाढवू नका असं म्हणत नाहीये, नियमाने जेवढा वापर तेवढा मंजूर हवाच.)

शेवटी मीच मल्टिमीटर लावून बायकोला स्विच टाकायला सांगितलं. बंद असताना २२५, सुटताना १७१. महाराणी रोडवरून ४ स्क्वेअर कॉपर आणली, मीटरपासून सरळ मागच्या खोलीपर्यंत वेगळी लाइन, मध्ये एक्स्टेंशन बोर्ड नाही, सी टाइप एमसीबी (सुटतानाचा जास्त करंट क्षणभर सोसणारा, बी टाइप सुटतानाच पडतो), नीट अर्थिंग. आता सुटताना १९५ च्या आसपास आणि मोटर एका दमात उचलते.

आधी एक चाचणी करा. टाकी पूर्ण रिकामी करून, खालचा ड्रेन उघडा ठेवून चालू करा. तशी लगेच सुटली पण प्रेशर असताना सुटत नसेल तर वायर नाही, अनलोडर (बंद होताना हेडमधली हवा सोडणारा) किंवा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (टाकीतली हवा मागे येऊ न देणारा) बघा. कंप्रेसर बंद होताना फुस्स आवाज येतो ना, तो येतच नसेल तर हेडमध्ये हवा अडकून राहते आणि मोटरला त्या दाबावर सुटावं लागतं. रिकामी असूनही हुंऽऽ केलं तर सुटतानाचं व्होल्टेज मोजा. थंडीत सकाळी तेलही घट्ट असतं, त्याने भर पडते. स्टॅबिलायझर सुचवणारे बरेच भेटतील, वायर बारीक असेल तर माझ्या मते ते पैसे वाया.

आता ३ एचपी खरंच हवा का? एचपी विचारू नका, एफएडी विचारा, म्हणजे प्रत्यक्ष बाहेर येणारी हवा. पाटीवर पिस्टन डिस्प्लेसमेंट (पिस्टन कागदोपत्री जेवढी हवा ढकलतो ती) छापतात, खरी हवा त्याच्या दोन तृतीयांश ते पाऊण धरा. खिळ्यांच्या गनला नि धूळ उडवायला २ एचपी भरपूर. एचव्हीएलपी गन (जास्त हवा, कमी दाबाच्या स्प्रे गन) ८ ते १४ सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) मागतात, ते २ एचपी काय, ३ एचपीलाही जड जातं, त्यापेक्षा कमी हवेची छोटी गन घ्या. सियागंजमध्ये दुकानदार मोठी टाकी दाखवतात, पण टाकीने हवा वाढत नाही, मोटर कमी वेळा चालू-बंद होते एवढंच. बेल्टवाला घ्या, ऑइल फ्री डायरेक्टवाला कर्कश असतो, शेजारी ऐकून घेणार नाहीत.

आणि हवेची लाइन पीव्हीसी पाइपने करू नका, कितीही स्वस्त पडू दे. तो फुटतो तेव्हा चिरत नाही, तुकडे उडतात. पावसाळ्यात टाकीतलं पाणी रोज काढा, नाहीतर पॉलिशवर पांढरे डाग येतात आणि टाकी आतून गंजते.

मी इलेक्ट्रिशियन नाही, लाइन लायसन्सवाल्या वायरमनकडूनच ओढून घ्या. बंद असतानाचं आणि सुटतानाचं, दोन्ही रीडिंग इथे टाका, वायरची लांबी नि स्क्वेअरही लिहा, मी हिशोब करून सांगतो. तोपर्यंत ३ एचपीचा ॲडव्हान्स देऊ नका.