आईच्या शेजारी घोडा कशाला?

चिनी लिपीबद्दल आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रं रॅडिकलवरच आहेत. रॅडिकल म्हणजे अक्षराचा तो भाग, ज्यावरून ते अक्षर कोशात कुठल्या गटात जातं ते ठरतं. त्यातली काही आज घेतो.

प्रश्न : चिनीच्या पहिल्या पातळीच्या वर्गाला जाते. रॅडिकल म्हणजे चिनी बाराखडीच ना? २१४ पाठ केले की सुटले का?

नाही. बाराखडीवरून उच्चार कळतो, रॅडिकलवरून कळत नाही. चिनीत त्याला ‘बुशौ’ म्हणतात, म्हणजे गटाचा म्होरक्या. कोशात अक्षरं लावायची ती सोय आहे. शू शेन या चिनी कोशकाराने इसवी सन १०० च्या सुमारास ९,३५३ अक्षरं ५४० गटांत लावली. मिंग काळातल्या एका कोशाने १६१५ मध्ये गट २१४ वर आणले आणि १७१६ च्या कांगशी कोशामुळे तो आकडा रूढ झाला. चीनच्या २००९ च्या सरकारी यादीत मुख्य गट २०१ आहेत. तेव्हा २१४ हा आकडा काही वेदवाक्य नाही. पाणी, माणूस, हात, तोंड, झाड, वाणी असे नेहमीचे तीसेक नजरेत बसवा, बाकीचे वाचता वाचता भेटतील.

प्रश्न : ‘आई’ या अक्षरात डावीकडे बाई आणि उजवीकडे घोडा आहे. आई घोड्यासारखी राबते म्हणून, असं वर्गात सांगितलं. खरं आहे का?

लक्षात ठेवायला गोष्ट झकास, पण खरी नाही. आई ‘मा’ आणि घोडाही ‘मा’, फक्त सूर, म्हणजे उच्चारातला चढउतार, वेगळा. घोडा तिथे आवाज द्यायला उभा आहे. त्याच घोड्याला तोंड जोडलं की वाक्याच्या शेवटी येणारा, आपल्या ‘का’सारखा प्रश्नार्थक ‘मा’ होतो. किडा जोडला की मुंगीच्या नावातला ‘मा’.

बहुसंख्य चिनी अक्षरं अशीच जोडीने चालतात : एक भाग अर्थाचा इशारा देतो, दुसरा उच्चाराचा. ‘छिंग’ हे अक्षर घ्या, अर्थ निळा-हिरवा. त्याला पाणी जोडलं की स्वच्छ, सूर्य जोडला की निरभ्र, हृदय जोडलं की भावना, वाणी जोडली की विनंती. चारही ‘छिंग’च, सूर तेवढे बदलतात. शिकणारे अर्थाच्या बाजूवर इतके लुब्ध होतात की उच्चाराची बाजू बघतच नाहीत. माझंही पहिलं वर्ष त्यातच गेलं.

प्रश्न : यकृत, पाय, चेहरा या सगळ्यांत चंद्र का?

तो चंद्र नाही, मांस आहे. दोन्ही आकार लिहिता लिहिता एकसारखे झाले. शरीराच्या अवयवात ‘चंद्र’ दिसला की मांस समजा.

प्रश्न : सर, अर्थाचा इशारा तरी भरवशाचा असतो का?

कामापुरता. देवमाशाच्या अक्षरात मासा आहे, आणि उच्चारासाठी राजधानीचा ‘जिंग’, बेइजिंगमधला. देवमासा मासा नाही हे खरं, पण आपण तरी त्याला काय म्हणतो?

जुन्या रचणाऱ्यांना जग जसं दिसलं, तसं ते अक्षरांत उतरलं. माझा आवडता गट कवडीचा. प्राचीन चीनमध्ये कवडी मौल्यवान होती, म्हणून महाग, माल, जुगार, भरपाई, हाव या सगळ्यांत ती बसली आहे. गरीब या अक्षरात वर ‘वाटणे’ आणि खाली कवडी. वाटून वाटून उरलं काय, तर आपल्या भाषेत फुटकी कवडी! कवडीमोल म्हणणाऱ्या माणसाला हा गट वेगळा शिकवावा लागत नाही. गंमत म्हणजे ‘विकत घेणे’ या अक्षरातली कवडी चीनमध्ये आता चालणाऱ्या सोप्या लिपीत गळून पडली. पारंपरिक लिपीत ती अजून आहे.

प्रश्न : आम्ही सिंगापूरला असतो. मुलीला शाळेत चिनी आहे. फोनवर बोटाने अक्षर काढलं की अर्थ येतो, मग रॅडिकलवरून कोश बघायला कशाला शिकवायचं?

शोधण्यापुरतं फोनने भागतं. पण एकदा हाताने करून बघा. नदीच्या अक्षरात डावीकडे पाण्याचे तीन थेंब : लेखणीचे तीन फटकारे. तो गट काढायचा, उरलेले पाच फटकारे मोजायचे आणि पाचच्या रांगेत नदी शोधायची. अक्षर कुठून तोडायचं हे त्यात आपोआप कळतं. फसगतही होते. दारूच्या अक्षरात तेच तीन थेंब आहेत, पण कांगशी कोशात ते पाण्यात नाही, दारूच्या बुधल्याच्या गटात आहे. तसंच ‘विचारणे’ : दारात तोंड. गट तोंडाचा, दार केवळ उच्चारासाठी.

प्रश्न : रसायनशास्त्र शिकवतो. मूलद्रव्यांनाही रॅडिकल असतात म्हणे?

असतात, आणि फार शिस्तीत. धातूंना धातूचा, वायूंना वायूचा, घन अधातूंना दगडाचा. ऑक्सिजन म्हणजे वर वायू, खाली उच्चारापुरती मेंढी. २०१७ मध्ये चीनने चार नव्या मूलद्रव्यांची नावं ठरवली, तेव्हा टेनेसीनसाठी दगडाला शेत जोडलं, कारण शेताचा उच्चार ‘थ्येन’. पारा मात्र धातू असूनही धातूंच्या रांगेत नाही. त्याच्या अक्षरात तळाशी पाणी आहे.