पेपचा वारसा आणि पेपचं भवितव्य: एका आर्सेनलवाल्याचं लांबलेलं उत्तर

तुम्ही लिहिलंय की तुमच्या मँचेस्टर सिटीचा 2024-25 चा मोसम एकाही मोठ्या ट्रॉफीविना गेला, आणि 'मॅनेजर पेप गार्डिओलाला आता मानाने निरोप द्यावा का' एवढं नुसतं विचारलं तरी तुमच्या ग्रुपवर तुम्हाला कृतघ्न ठरवतात. वाचताना पेपच्या जागी आमच्या तेव्हाच्या मॅनेजरचं, आर्सेन वेंगरचं, नाव घातलं आणि आमची 2011 ते 2018 ही सगळी वर्षं डोळ्यांपुढून गेली. आधीच सांगतो, मी आर्सेनलवाला आहे. सिटीबद्दलचं माझं मत त्या हिशेबानेच घ्या.

ट्रॉफ्यांची यादी देत बसत नाही, ती तुम्हाला पाठ असणार. वारसा म्हणाल तर तो विषय माझ्या लेखी संपलेला आहे. 2021 ते 2024 सलग चार लीग याआधी इंग्लंडमध्ये कुणीच जिंकल्या नव्हत्या. 2025 चा एफए कप फायनलचा पराभव (तोही क्रिस्टल पॅलेसकडून!) त्यातलं काही काढून घेत नाही. 2023 साली लीगने आर्थिक नियम मोडल्याचे आरोप ठेवले ते क्लबवर, आणि क्लबने ते नाकारलेत. त्याचा निकाल काहीही लागो, संघाला खेळायला कसं शिकवलं हा हिशेब मी वेगळा ठेवतो. इथे बरेच जण असहमत होतील, होऊ देत.

पण वारशाच्या जोरावर भवितव्य ठरवायचं नसतं, आणि नेमकं तेच आमच्याकडे झालं. 2004 चा अपराजित संघ, हायबरी सोडून 2006 मध्ये बांधलेलं नवं स्टेडियम, त्याच्या कर्जाचं ओझं असतानाही 2016 पर्यंत दरवर्षी पहिल्या चारात राहणं, हे सगळं वेंगरने केलं, शंकाच नाही. 2007 मध्ये उपाध्यक्ष डेव्हिड डीन क्लबमधून गेले आणि त्यानंतर फुटबॉलच्या बाबतीत वेंगरला 'नाही' म्हणेल असा माणूसच वर उरला नाही. माझ्या मते घसरणीचं मूळ तिथे आहे. 2011 मध्ये मँचेस्टर युनायटेडकडून 8-2, 2017 मध्ये बायर्नकडून दोन सामन्यांत मिळून 10-2, हे पराभव ही नुसती लक्षणं.

आता ज्याने मला सगळ्यात जास्त मनस्ताप दिला ते सांगतो. मी एका चाहता मंडळाचा सभासद होतो, नाव घेत नाही. तिथल्या समितीने मतदान लावलं: वेंगर राहावा की जावा. तिसरा पर्याय नाही. मी लिहिलं की प्रश्नच चुकलाय. तो गेला तर खेळाडू कोण निवडणार, करार कोण करणार, बोर्डात फुटबॉल कळणारं कोण आहे, यावर एक बैठक घ्या. उत्तर आलं की हा मॅनेजरचा अपमान आहे. मग माझं लिहिणं बंद. मार्च 2017 मध्ये वेस्ट ब्रॉमच्या मैदानावरून दोन विमानं दोन परस्परविरोधी फलक घेऊन उडाली, एक वेंगर नको म्हणणारा, दुसरा त्याच्या बाजूचा, आणि काही दिवसांतच त्याच समितीने टोपी फिरवली. आता 'जावा' न म्हणणारा गद्दार! मंडळाच्या ऑनलाइन चर्चेचे जुने धागे झाडून पुसले, त्यात माझी कित्येक मोसमांची सामन्यांची टिपणं गेली. विचारणा केली तर सचिवांकडून साधी पोचही नाही. (तुम्हीही काही लिहीत असाल तर प्रत स्वतःकडे ठेवा. मंडळावर विसंबू नका.)

असो. मे 2017 मध्ये चेल्सीला हरवून एफए कप जिंकला आणि चार दिवसांत वेंगरला दोन वर्षांचा करार मिळाला. एका दुपारचं बक्षीस दोन वर्षांचं! त्याच वर्षी एप्रिलपासून त्याने वीस वर्षांत पहिल्यांदा तीन सेंटर-बॅक (मधले बचावपटू) खेळवले होते, म्हणजे माणूस हट्टी असला तरी बदलू शकत होता. पण तोपर्यंत सांचेझ आणि ओझिल या आमच्या दोन मोठ्या खेळाडूंच्याही करारांचं एकच वर्ष उरलेलं. मॅनेजर राहणार की जाणार हे महिनोन्महिने लटकलं की खेळाडू सही करत नाहीत. सांचेझ जानेवारी 2018 मध्ये युनायटेडला गेला, बदल्यात मिखितारयान आला. एप्रिलमध्ये वेंगरने जाण्याची घोषणा केली.

याउलट लिव्हरपूल बघा. मॅनेजर क्लॉपने आपण जाणार हे जानेवारी 2024 मध्येच सांगून टाकलं, क्लबच्या मालकांनी फुटबॉलचा कारभार बघायला मायकल एडवर्ड्सला परत आणलं, क्रीडा संचालक म्हणून रिचर्ड ह्यूजला नेमलं, मग नवा मॅनेजर स्लॉट आला आणि पहिल्याच मोसमात लीग जिंकला. मँचेस्टर युनायटेडच्या फर्ग्युसनने मात्र 2013 मध्ये जाताना स्वतःच मोईसचं नाव पुढे केलं, आणि मोईस वर्षभरही टिकला नाही. जाणाऱ्याने आपला वारस निवडू नये, या मतावर मी ठाम आहे.

तुमच्या प्रश्नावर माझं उत्तर: पेपला आत्ता काढू नका. 2024-25 मध्ये मिडफिल्डचा कणा असलेल्या रॉड्रीचा गुडघा सप्टेंबरमध्येच गेला, संघ म्हातारा झाला होता आणि फॉरवर्ड आल्वारेझला विकून त्याच्या जागी लगेच कुणी घेतलं नव्हतं. यातलं शेवटचं पाप एकट्या मॅनेजरचं नसतं. शिवाय 2023 मध्ये स्टोन्ससारख्या बचावपटूला मिडफिल्डमध्ये ढकलून लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग या तिन्ही ट्रॉफ्या जिंकणारा माणूस अजून नवं काही शोधू शकतो, असं मला वाटतं. चुकू शकतो मी.

पण नोव्हेंबर 2024 मध्ये, सलग चार पराभवांनंतर, 2027 पर्यंतचा करार जाहीर करण्याची घाई मला आवडली नाही. दोनच दिवसांत टॉटनमने घरी येऊन 4-0 ने धुतलं, हा वेगळा विनोद. त्यातच 2025 मध्ये फुटबॉल संचालक चिकी बेगिरिस्टाइन क्लब सोडून गेले. बार्सिलोनापासून पेपला ओळखणारा आणि त्याच्याशी वाद घालू शकणारा तोच एक होता. त्यांच्या जागी आलेले ह्यूगो व्हियाना ते काम करतात की नुसतं पेपच्या यादीवर शिक्का मारतात, तुमच्या ग्रुपवर चर्चा करायचीच तर यावर करा.

एक सोपी गोष्ट लगेच करता येईल. हायलाइट्स आणि पॉइंट्स टेबल सोडा, करार संपण्याच्या तारखा काढा. 2025 मध्ये बर्नार्डो सिल्वाचा करार 2026 पर्यंत होता, रॉड्री आणि फोडेनचा 2027 पर्यंत, म्हणजे पेपचा संपणार त्याच वर्षी. यांच्या सह्या लवकर झाल्या तर वरच्या मजल्यावर कुणीतरी पेपच्या पुढचा विचार करतंय असं समजा. नाही झाल्या, तर विमानं भाड्याने घ्यायला लोक पुढे येतीलच, तेव्हा समितीवर मात्र जाऊ नका.