राजीनाम्याचा मसुदा आणि वडिलांचे गॅरेज

साताऱ्यातील २५ वर्षांच्या एका वाचकाच्या पत्राचा सारांश असा: ते पुण्यातील एका कंपनीसाठी घरून प्रोग्रामिंग करतात. तीन वर्षे परदेशी ग्राहकाच्या विमा-अर्जांतील रकाने बदलून ते कंटाळले आहेत आणि तेवढे कोड आता कृत्रिम बुद्धिमत्ता लिहिते म्हणून या व्यवसायाला भवितव्य नाही, असे त्यांचे मत आहे. बचतीतून घेतलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरवर जीव जडल्यामुळे राजीनामा देऊन अशाच गाड्यांची शोरूम काढायची त्यांची इच्छा आहे. वडिलांचे पोवई नाक्याजवळ दुचाकींचे गॅरेज आहे. ‘हे खेळणे घाट चढणार नाही’, असे वडील म्हणाले. ‘दहा वर्षांनी तुमच्या पान्यांना कोणी विचारणार नाही’, असे उत्तर मुलाने दिले. आता दोघांत बोलणे बंद आहे.

प्रिय वाचक,

प्रथम घाटाचे पाहू, कारण तो वाद मोजून मिटण्यासारखा आहे. साताऱ्याहून यवतेश्वरमार्गे कासला जाताना आपण सुमारे साडेचारशे मीटर वर चढतो. गाडी आणि स्वार मिळून २०० किलो धरले, तर तेवढी उंची गाठायला मोटरमधील घट धरून जेमतेम ०.३ युनिट वीज लागते आणि पंचवीसेक किलोमीटर रस्त्याचे पाऊण युनिट. तुमच्या गाडीची बॅटरी तीन युनिटची आहे, ती चढेल. मात्र वडीलही हवेत बोललेले नाहीत. २५० वॉटच्या, ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणाऱ्या, नोंदणी आणि परवाना न लागणाऱ्या गाड्या आधी गावोगाव विकल्या गेल्या. त्यांपैकी एखादी घाटात घातली, तर ती पायी चालणाऱ्याच्या वेगाने चढेल. गॅरेजमध्ये त्यांच्यापुढे अशाच गाड्या आल्या असतील. तुम्ही दोघे दोन वेगळ्या वाहनांबद्दल भांडत आहात.

सॉफ्टवेअरविषयीचे तुमचे मत मला अर्धे पटते. कोणीतरी सांगितलेला रकाना सांगितल्या जागी बसवणे एवढेच ज्याचे काम, त्याची गरज कमी होत जाणार, हे उघड आहे. परंतु तुम्हाला वीट आला आहे तो विमा-अर्जांचा, आणि त्याचे खापर तुम्ही संपूर्ण व्यवसायावर फोडत आहात. ज्या गाडीपायी तुम्ही सॉफ्टवेअर सोडायला निघालात, ती गाडी सॉफ्टवेअरवरच चालते. बॅटरीतील प्रत्येक सेलचा व्होल्टेज आणि तापमान सतत पाहून धोका दिसताच प्रवाह तोडणारी बीएमएस (बॅटरी व्यवस्थापन यंत्रणा), मूठ पिळल्यावर मोटरला किती प्रवाह द्यायचा आणि मोटर तापल्यावर किती कमी करायचा हे ठरवणारा कंट्रोलर, या दोघांचा संवाद चालतो ती ‘कॅन बस’ नावाची संदेशव्यवस्था, हे सर्व कोणीतरी लिहिलेले असते, आणि बरेचसे ‘सी’ या प्रोग्रामिंग भाषेत. २०२२ मध्ये गाड्यांना आगी लागल्यानंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचे निकष कडक केले. त्यामुळे हे काम जाणणाऱ्यांची गरज वाढली आहे. अर्थात, येथील चूक फार महाग पडते. अर्जातला दोष संध्याकाळी दुरुस्त करता येतो; घाटाच्या वळणावर बंद पडलेल्या गाडीचे तसे नसते.

शोरूमचा विचार तूर्त सोडावा, असे मी स्पष्टच सांगते. या गाड्यांची किंमत सरकारी अनुदानाच्या आधाराने उभी राहिली. जून २०२३ मध्ये ते अनुदान बॅटरीच्या क्षमतेच्या दर युनिटमागे १५,००० रुपयांवरून १०,००० वर आले, पुढे ५,००० वर, आणि प्रत्येक वेळी विक्रेत्यांची घडी विस्कटली. तीन वर्षांच्या बचतीवर असा धंदा थाटण्याची छाती मला तरी झाली नसती. नोकरी ठेवा, संध्याकाळी ‘सी’ आणि मायक्रोकंट्रोलर, म्हणजे यंत्रे चालवणाऱ्या छोट्या संगणक-चिप, शिका, आणि वर्षभराने एम्बेडेड, म्हणजे यंत्रातच बसवलेल्या सॉफ्टवेअरच्या, कामासाठी अर्ज करा. पुण्यात वाहनांशी संबंधित अशी कामे आहेत.

रविवारी मात्र गॅरेजमध्ये बसा. इंजिन, क्लच प्लेट, कार्बोरेटर जातील हे खरे. पण ब्रेक, टायर, बेअरिंग, शॉकअब्सॉर्बर आणि हँडलचा कोनसेट विजेच्या गाडीलाही आहेत, आणि आवाजावरून बेअरिंग ओळखणारा कान तुमच्याकडे नाही. वायरिंगचा दोष वडील कसा शोधतात ते बघा. प्रोग्राममधील चुका शोधण्याच्या तुमच्या डिबगिंगपेक्षा ते फारसे वेगळे नसते. पान्यांविषयीचे वाक्य तुम्ही चारचौघांसमोर बोललात की घरात, हे पत्रात नाही. गॅरेजमधील पोरांसमोर बोलला असाल, तर माफीही त्यांच्यासमोरच मागा, आणि त्या वेळी स्कूटरचा विषय काढू नका.

त्यानंतरच्या रविवारी वडिलांना मागे बसवून कासला न्या. तेव्हा माझ्या हिशेबातील २०० किलोचे वजन मात्र वाढवून घ्यावे लागेल.