डीएनए नसताना डेनिसोव्हन म्हणून कसं ओळखलं?

प्रश्न असा आहे की तिबेटच्या पठारावर १.६ लाख वर्षांपूर्वी माणूस राहायचा ही बातमी खरी का, आणि तिथल्या एका गुहेत सापडलेल्या जबड्यात डीएनए मिळालाच नाही तर तो डेनिसोव्हनचा (नामशेष झालेल्या एका मानवप्रकाराचा) हे कशावरून. खरी आहे, पण बातमीत अर्धीच गोष्ट आलीय.

गुहा चीनच्या गान्सू प्रांतात शियाहेजवळ, बैशिया नावाची, उंची ३२८० मीटर. म्हणजे कळसूबाईवर अजून एक कळसूबाई ठेवा. जबडा १९८० साली एका बौद्ध भिक्खूला सापडला, मग तो लांझो विद्यापीठाकडे गेला आणि तिथे कितीतरी वर्षं नुसता पडून होता. उत्खननात निघालेला नसल्यामुळे तो नेमका कुठल्या थरातला ते कोणालाच सांगता येईना, आणि शंका घेणाऱ्यांचा सगळा जोर तिथेच होता. मग वय काढलं ते हाडाला चिकटलेल्या चुनखडीच्या कवचावरून, युरेनियम-थोरियम पद्धतीने (युरेनियमचं थोरियम किती झालं ते मोजून). कवच हाडावर नंतर चढतं, म्हणून १.६ लाख हे कमीत कमी वय, जबडा त्याहून जुना असू शकतो. हे बातम्यांत कोणी लिहीत नाही.

ओळख पटली दातातल्या प्रोटीनवरून. डीएनए सडला तरी प्रोटीन जास्त टिकतं, आणि सायबेरियातल्या डेनिसोव्हा गुहेतल्या डेनिसोव्हनच्या बोटाच्या हाडाचा जीनोम (म्हणजे संपूर्ण डीएनए) आधीच हातात होता, त्याच्याशी ताडून बघितलं. २०१९ ला हे छापून आलं तेव्हा मलाही वाटलं होतं की एवढ्याशा पुराव्यावर जरा जास्तच बोलतायत. पण २०२० मध्ये त्याच गुहेच्या मातीतूनच डेनिसोव्हनचा मायटोकाँड्रियल डीएनए (पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा, पेशीकेंद्राबाहेरचा छोटा डीएनए) निघाला, साधारण १ लाख आणि ६० हजार वर्षांच्या थरांतून, तेव्हा माझी शंका मिटली. (गुहा तिथल्या लोकांची पवित्र जागा आहे, त्यामुळे खोदकाम भर हिवाळ्यात, यात्रेकरू नसताना केलं.)

हे डेनिसोव्हन खायचे काय? २०२४ च्या पेपरात अडीच हजारांवर हाडं तपासलीत, सगळ्यात जास्त भरल (हिमालयातली रानमेंढी), शिवाय याक, मार्मोट (खारीच्या कुळातला बिळात राहणारा प्राणी) वगैरे, बऱ्याच हाडांवर कापल्याच्या खुणा. त्यातच डेनिसोव्हनची एक बरगडीही सापडली, ४८ ते ३२ हजार वर्षांपूर्वीची.

आता EPAS१ (ईपीएएस-१) या जीनबद्दल. तिबेटी लोकांना विरळ हवेत साथ देणारा त्याचा प्रकार डेनिसोव्हनकडून आलाय हे २०१४ पासून माहिती आहे, पण म्हणून या गुहेतल्या लोकांकडे तो होताच असं म्हणू नका. मायटोकाँड्रियल डीएनएत तो जीन नसतोच आणि जबड्यात तर डीएनएच नाही.