'एकोज' अठरावं? आधी कोणतं ऐकलंत ते सांगा

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या गाण्यांची तुम्ही आवडीनुसार नंबर लावून केलेली वीसची यादी वाचली. तीन महिने झाले तरी दर रविवारी नंबर बदलतायत, 'शाइन ऑन' हे अल्बमवर दोन तुकड्यांत असलेलं गाणं एक धरायचं की दोन ते ठरत नाहीये, आणि 'एकोज' "बरं आहे, पण उगाच ताणलंय" म्हणून अठरावं. बाकी ज्याची त्याची आवड म्हणून सोडून दिलं असतं. पण बहुतेक गाणी 2001 च्या दोन डिस्कच्या संग्रहातून ऐकली असं तुम्ही खाली सहज लिहिलंय, आणि तिथं माझी जुनी जखम ठसठसली.

त्या संग्रहातलं 'एकोज' साधारण साडेसोळा मिनिटांचं आहे. 1971 च्या 'मेडल' या मूळ अल्बमवर ते साडेतेवीस मिनिटांचं आहे, रेकॉर्डची आख्खी दुसरी बाजू. म्हणजे सात मिनिटं कापून उरलेलं तुम्हाला "ताणलेलं" वाटलं. मी हसत नाहीये. मी याहून मोठा गाढवपणा केलाय.

1994 ची गोष्ट. मी इंजिनिअरिंगला होतो. तेव्हा नाशिकमध्ये कॅसेट भरून देणारी दुकानं होती. कागदावर गाणी लिहून द्यायची, कोरी कॅसेट आणि भरणावळ मोजायची, चार दिवसांनी न्यायला जायचं. दुकानाचं नाव घेत नाही. मी साठची कॅसेट दिली आणि बी बाजूला माझ्या हातानं लिहिलं: मनी, टाइम, एकोज. आता हिशोब करा. एक बाजू तीस मिनिटांची. पहिल्या दोन गाण्यांत तेरा-सव्वातेरा मिनिटं गेली. उरली पावणेसतरा.

आणि तुटलं कुठं, तर नेमकं नको तिथं. मधला तो भुताटकीचा भाग आठवतोय ना? व्हेल कण्हल्यासारखी बँडच्या गिटारवादकाची, गिलमोरची गिटार (वा-वा पेडलची, म्हणजे पायानं दाबून गिटारचा आवाज बदलायच्या यंत्राची, वायर उलटी जोडून काढलेला आवाज आहे तो) आणि मागून कावळे. आमची आजी म्हणायची, "बंद कर रे ते, रामकुंडावर बसल्यासारखं वाटतंय." (रामकुंड म्हणजे नाशिकचा दशक्रियेचा घाट.) तर ते कावळे संपतात, ऑर्गन उजाडल्यासारखा वर येतो, ड्रम चढायला लागतात, आणि खट्. टेप संपली.

मला वाटलं, गाणं असंच आहे.

एवढ्यावर थांबलो असतो तर ठीक होतं. मी कॉलेजच्या भित्तिपत्रकात पिंक फ्लॉइडच्या पहिल्या दहा गाण्यांवर लेख लिहिला. 'एकोज' पहिलं. का? तर "ऐन उत्कर्षाच्या क्षणी गाणं तोडण्याचं धाडस". मृत्यू असाच अवचित येतो वगैरे अर्धं पान. मुलांनी वाचून माना डोलावल्या. पुढं देवळाली कॅम्पात राहणाऱ्या एका सीनिअरनं मला घरी बोलावलं, काही न बोलता रेकॉर्ड लावली आणि सोळाव्या मिनिटापासून माझ्या तोंडाकडे बघत बसला. पुढं गिटार सूर्य उगवल्यासारखी फुटते, तिसरं कडवं येतं, शेवटी ते वर वर चढत जाणारे आवाज. तो अजून भेटला की "धाडस कसं आहे?" विचारतो.

दुकानदाराकडे गेलो तर म्हणाला, "साहेब, साठच्या टेपमध्ये साठच मिनिटं मावतात. पूर्ण पाहिजे होतं तर नव्वदची आणायची." बरोबरच होतं त्याचं, त्याचाच जास्त राग आला. पण गाणं अर्धवट राहिलंय एवढं पेन्सिलीनं कव्हरवर लिहायला काय जात होतं? भरणावळ पूर्ण घेतली ना? असो.

खरं नुकसान लेखाचं नाही. पूर्ण गाणं ऐकल्यावर मला त्याचा शेवटच आवडेना. कानाला खट् ची सवय झालेली. मग चिडून त्याला पंधराव्या नंबरावर टाकलं आणि कित्येक वर्षं तसंच ठेवलं. 2008 च्या सप्टेंबरात बँडचा कीबोर्डवादक रिक राइट गेला, त्या रात्री पुन्हा लावलं. सुरुवातीचा तो एकच टिंग, लेस्ली या फिरत्या स्पीकरमधून काढलेला त्याच्या पियानोचा सूर, तेव्हा कुठं नीट ऐकला. म्हणजे पहिलाही नंबर खोटा आणि पंधरावाही.

मी संगीतातला जाणकार नाही. सातपूरला कारखान्यात क्वालिटीत आहे, म्हणून त्याच भाषेत सांगतो: गेज, म्हणजे मोजायचं मापच, चुकलं तर सगळा लॉट पुन्हा तपासावा लागतो. तुमचं गेज तो 2001 चा संग्रह आहे. त्यात 'शाइन ऑन'सुद्धा कापलेलं आहे आणि गाणी एकमेकांत मिसळलेली आहेत. 1981 च्या संग्रहावर तर 'मनी' मुळातलं नाहीच. रेकॉर्ड कंपन्यांच्या भांडणापायी गिलमोरनं ते जवळजवळ एकट्यानं पुन्हा वाजवलंय. बँडनं पॉम्पेईच्या अवशेषांत वाजवलं त्या फिल्मवरूनही नंबर लावू नका, तिथं 'एकोज' दोन तुकड्यांत आहे, अर्धं सुरुवातीला, अर्धं शेवटी. मूळ अल्बम घ्या. फोनवर ऐकत असाल तर शफल (गाण्यांचा क्रम उलटसुलट करणं) आणि क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात विरघळवणं) बंद करा, नाहीतर 'ब्रेन डॅमेज' आणि 'इक्लिप्स'चा सांधाच कळणार नाही. ती दोन मी एकच धरतो. 'शाइन ऑन'चे नऊ भागही एकच, मध्ये तीन गाणी घुसली असली तरी. यावर लोक भांडतील, भांडू देत.

माझी यादी मागितलेली नाही, तरी सांगतो. पहिलं 'डॉग्ज'. सतरा मिनिटांत एक सेकंद फुकट नाही, आणि नोकरीत वीस वर्षं काढल्याशिवाय ते पूर्ण कळत नाही असं माझं मत आहे (चूक असेल). दुसरं 'शाइन ऑन', तिसरं 'एकोज'. 'कम्फर्टेबली नम्ब' सहावं; दुसरा गिटार सोलो काढला तर दहावं. 'विश यू वर हिअर' अकरावं, आणि हा अन्याय आहे हे मला मान्य आहे, पण कॉलेज रोडवर गिटार घेतलेल्या प्रत्येक पोरानं त्याची सुरुवात वाजवून वाजवून माझ्यापुरती झिजवून टाकलीय.

तुम्ही 'एकोज' एकदा सलग ऐका, साडेतेवीस मिनिटं, गाडी चालवताना नको. मग अठरावंच राहू द्या, मी काही बोलणार नाही. मी स्वतः अजूनही सोळा-सतरा मिनिटांच्या सुमाराला खट् ची वाट बघतो.

आणि 'हॅव अ सिगार' पाचवं? ते गाणारा रॉय हार्पर तर बँडमधलाही नाही. बारावं करा.