नवीन माणसाची गझल चुकली असेल तर सांगायचं कसं? (उत्तर जरा लांबलंय)

तुमचा प्रश्न परवा रात्रीच वाचला होता दादा, पण लगेच उत्तर दिलं नाही कारण मला आधी एका व्यक्तीला विचारायचं होतं, ते पुढे येईलच. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, एका नवीन ताईंनी त्यांची पहिली गझल इथे टाकली, तुम्ही लिहिलंत की "तिसऱ्या शेरात मात्रा चुकल्यात, आधी बाराखडी वाचा मग गझल लिहा", (शेर म्हणजे गझलेतली दोन ओळींची जोडी, बाराखडी म्हणजे सुरेश भटांची गझलेची बाराखडी), त्यावर बऱ्याच जणांनी अंगठे दिले आणि तासाभरात ताईंनी गझल काढून टाकली. आता तुम्ही विचारताय की मी खरं तेच बोललो, मग माझं चुकलं काय, की सगळ्यांनी नुसतं वा वा करत बसायचं?

नुसतं वा वा नाही करायचं, हे आधीच सांगते. माझ्या ओळखीतले एक काका आहेत, दहा-बारा वर्षं रोज एक गझल लिहायचे आणि रोज त्यांना पन्नास लोक "अप्रतिम", "पुलेशु" (पुढील लेखनास शुभेच्छा), फुलं, हात जोडलेले असं सगळं पाठवायचे, त्यात मीही होते. एकानेही त्यांना कधी सांगितलं नाही की काका तुमची रदीफ (प्रत्येक शेराच्या शेवटी येणारा तोच शब्द) दोन शेरांनंतर नुसती चिकटवल्यासारखी वाटते. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी संग्रह छापला आणि मग एका जाणकाराने तो वाचून त्यांना जे सांगितलं ते सगळं आम्ही दहा वर्षांत कधीही सांगू शकलो असतो. त्यांनी त्यानंतर लिहिणं बंद केलं. पुस्तकांचे गठ्ठे अजून त्यांच्या माळ्यावर आहेत आणि मला त्यांच्याकडे जाताना अजूनही वाईट वाटतं. त्यामुळे खोट्या कौतुकाची बाजू मी घेत नाहीये.

पण तुम्ही जे केलं ते खरं बोलणंही नव्हतं, आणि हे मी जरा तपशिलात सांगणार आहे.

मी त्या ताईंना मेसेज करून विचारलं की तुमचा तो शेर मी उत्तरात वापरू का, कारण त्यांनी काढून टाकलेली गोष्ट मी परस्पर परत इथे आणणं बरोबर नाही. त्या म्हणाल्या वापरा, नाव नको. तर शेर असा होता:

घर दुसऱ्याचे झाले पण आजही
उंबऱ्यापाशी वहाणा काढते

गझल मेनका वृत्तात आहे, गालगागा गालगागा गालगा (ल म्हणजे लघु, एका मात्रेचं अक्षर, गा म्हणजे गुरू, दोन मात्रांचं), म्हणजे ओळीत 19 मात्रा. आता पहिली ओळ मोजा. घर 2, दुसऱ्याचे 6, झाले 4, पण 2, आजही 5, बेरीज 19. मात्रा पूर्ण भरतात! चुकलाय तो लघुगुरूचा क्रम, "घर" नंतर एक सुटा लघु यायला हवा तिथे "दुस" असा दोन लघूंचा जोड येतो, तो एका गा सारखाच वाजतो, आणि मग शेवटच्या "आजही" पर्यंत सगळे गा गा गा होत जातात. म्हणजे तुम्ही जी चूक सांगितली ती चूक तिथे नव्हतीच, दुसरी होती, आणि त्या बिचाऱ्या रात्रभर मात्रा मोजत बसल्या, दरवेळी 19 येत होत्या आणि त्यांना वाटत होतं आपल्याला मोजताही येत नाही. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मला फार लागलं. चूक दाखवायची असेल तर ती आधी स्वतः दोनदा तपासायची, कुठल्या ओळीत कुठल्या शब्दाला अडखळायला झालं ते नेमकं सांगायचं, आणि एवढा वेळ नसेल तर गप्प बसायचं.

हे मी अधिकाराने बोलत नाहीये, मी स्वतः हेच करून बसलेली आहे. काही वर्षांपूर्वी एका मुलीने मतला (गझलेचा पहिला शेर) लिहिला होता, "तुझ्या आठवांचा पुन्हा पूर आला, किनारा मनाचा बुडाला बुडाला". भुजंगप्रयात, लगागा चार वेळा. मी तेव्हा नुकतीच शिकलेले, जोडाक्षराच्या आधीचा लघु गुरू होतो हा नियम डोक्यात पक्का बसलेला, मी चारचौघात तिला सांगितलं की "तुझ्या" मधला तु आणि "पुन्हा" मधला पु गुरू होणार, तुझी ओळ दोन ठिकाणी तुटली. आता ज्याला थोडंफार कळतं तो सांगेल की तुझ्या, पुन्हा, जुन्या, तुम्ही या शब्दांत आधीच्या अक्षरावर आघात येत नाही म्हणून ते लघुच राहतं, "सत्य" म्हणताना जसा स वर जोर येतो तसा इथे येत नाही, तोंडाने म्हणून बघितलं की लगेच कळतं. तिची ओळ शंभर टक्के बरोबर होती. तिने मात्र माझं ऐकून ती बदलली आणि बिघडवली.

पण त्याच मतल्यावर आमच्यातल्या एका ज्येष्ठ काकूंनी जे केलं त्यातून मी शिकले. त्यांनी वृत्ताचा विषयच काढला नाही. त्यांनी तिला बाजूला मेसेज करून फक्त विचारलं, की बाळा, हा पूर आठवणींचाच आहे की तू खरा पूर बघितलायस? मुलगी सांगलीची होती, 2019 च्या पुरात त्यांच्या घरात पाणी शिरलेलं. तिने सांगितलं की रंग दिला तरी दर पावसाळ्यात भिंतीवर तेवढ्याच उंचीवर ओल उमटते. काकू म्हणाल्या हे तुझ्या शेरात कुठेय गं? बस एवढंच. आठवड्याने तिने पहिली ओळ मूळची परत आणली आणि दुसरी नवी लिहिली:

तुझ्या आठवांचा पुन्हा पूर आला
जुना डाग भिंतीत ओला निघाला

"बुडाला बुडाला" हा भरीचा शब्द होता हे काकूंना पहिल्या वाचनात दिसलं असणार, मला खात्री आहे. त्यांनी तो शब्द भरीचा आहे असं न सांगता तो आपोआप गळून पडेल असा प्रश्न विचारला.

आता बाराखडीबद्दल. तुम्ही "आधी बाराखडी वाचा" म्हणालात ते मला सगळ्यात जास्त खटकलं. सुरेश भटांनी गझलेची बाराखडी लिहिली ती नवीन लिहिणाऱ्यांसाठी, ते ती पोस्टाने नव्या पोरांना पाठवायचे, पत्रं लिहून त्यांच्या गझला दुरुस्त करायचे. मराठीत आज एवढे लोक गझल लिहितात त्यात त्या पत्रांचा वाटा मोठा आहे. ज्या माणसाने घरोघरी पाठवली त्याच बाराखडीचं नाव घेऊन कुणाला दाराबाहेर उभं करायचं हे मला पटत नाही. वाचायला सांगायचीच असेल तर पान काढून द्या, "अलामतीचा (यमकाच्या अक्षरांआधी सांभाळायच्या स्वराचा) भाग वाचा, तुमच्या मतल्यात कळले आणि वळले आहे, मग पाचव्या शेरात जुळले आलंय तिथे स्वर बदलतोय" असं सांगा. समोरच्याला त्यातून काहीतरी करता येतं. "आधी शिका" यातून काहीच करता येत नाही, कारण ते ओळीबद्दल नसून माणसाबद्दल आहे.

उर्दूत गझल अशी दुरुस्त करण्याला इस्लाह म्हणतात आणि त्याची रीत बघण्यासारखी आहे. शागिर्द आपली गझल उस्तादांकडे घेऊन जायचा किंवा पत्राने पाठवायचा. गालिब दिल्लीत बसून बाहेरगावच्या शागिर्दांच्या गझला पत्रांतून तपासायचे. शायर दाग देहलवी हैदराबादला होते, तरुण इक्बाल पंजाबातून त्यांना पोस्टाने गझला पाठवायचे, आणि थोड्याच काळात दाग यांनी कळवलं की तुमच्या गझलांना आता इस्लाहची फारशी गरज नाही. यात दोन गोष्टी बघा, मागणारा स्वतः मागतोय आणि बोलणं दोघांत होतंय. याउलट दाद मात्र भर मुशायऱ्यात, मोठ्याने. शायर पहिला मिसरा, म्हणजे शेराची पहिली ओळ, म्हणतो, लोक तो उचलतात, म्हणजे त्याचाच मिसरा त्याला परत म्हणून दाखवतात, मग तो दुसरा मिसरा सोडतो. तो मिसरा उचलणं हीच मला सर्वात सुंदर दाद वाटते, कारण त्यातून कळतं की तुझी नेमकी कुठली ओळ माझ्यापर्यंत आली.

आपणही तेच करू शकतो की. नुसतं "सुंदर" लिहिण्याऐवजी जो शेर आवडला तो तसाच्या तसा खाली उतरवा आणि एक वाक्य लिहा की हा का थांबवून गेला. सगळी गझल कच्ची असली तरी एखादा मिसरा निघतोच, आणि नाहीच निघाला तर खयाल, म्हणजे त्यातला विचार, चांगला असतो, तोही नसेल तर काही न लिहिता पुढे जायला कुणी अडवलेलं नाही. लिहिणाऱ्याला यातून दुरुस्तीही आपोआप कळते, सात शेरांपैकी सगळे लोक एकच शेर उचलत असतील तर उरलेल्या सहांचं काय ते तो समजून जातो.

मग चारचौघात चूक कधीच सांगायची नाही का? सांगायची ना. ज्यांचे दोन संग्रह आलेत, जे स्वतः कार्यशाळा घेतात, त्यांच्या शेरात राबता नसेल, वरची ओळ एकीकडे आणि खालची दुसरीकडे जात असेल, तर तिथेच बोला, चार नवीन लोक त्यातून शिकतील आणि त्यांना ते झेपतं. विडंबनाचंही तेच. अत्र्यांनी केशवकुमार नावाने विडंबनं केली ती रविकिरण मंडळासारख्या त्या काळच्या गाजलेल्या कवींची, पहिली कविता घेऊन आलेल्या कुणा पोराची नाही. इथे एखाद्याने पहिल्यांदा काही टाकलं की दहा मिनिटांत खाली विडंबन येतं आणि कुणीतरी "अजून एक जिलबी" (म्हणजे नुसती पाडलेली कविता) म्हणतं, हे थांबायला हवं असं मला मनापासून वाटतं. आणि जिथे कुणी गेल्याची गझल आहे, आई गेली, मूल गेलं, तिथे वृत्त बघायचंच नाही, निदान त्या महिन्यात तरी नाही. तिथे फक्त मी वाचलं एवढं कळवायचं.

अजून एक गोष्ट जी आपल्यातले जुने लोकच जास्त करतात, दुसऱ्याच्या गझलेखाली "याच जमिनीवर (तेच वृत्त, तीच यमकं घेऊन) माझेही काही शेर" म्हणून स्वतःची अख्खी गझल ओतायची. तरही मिसरा (सगळ्यांनी गझल लिहावी म्हणून दिलेली ओळ) असेल तर जरूर लिहा, तो खेळच तसा आहे. नाहीतर त्या माणसाच्या घरी जेवायला जाऊन आपला डबा उघडून बसण्यासारखं आहे ते.

आणि न मागता ओळ दुरुस्त करून देऊ नका. यावर माझं मत जरा कडक आहे. त्या ताईंच्या ओळीखाली एकाने लगेच लिहून दिलं होतं, "घर दुज्यांचे जाहले पण आजही". वृत्तात चोख बसतं, मोजून बघा. पण आज कोण म्हणतं दुज्यांचे, कोण म्हणतं जाहले? ज्या बाईचं माहेर विकलं गेलंय आणि तरी तिथे गेल्यावर जिचे पाय चपला काढायला थांबतात, ती घरात असं बोलत नाही. त्या दुरुस्तीने क्रम सुधारला आणि बाई निघून गेली. जुन्या छापाचे शब्द वापरून वृत्त जमवणं सोपं असतं, बोलण्यातले शब्द तसेच ठेवून जमवणं अवघड, आणि ती मेहनत ज्याची त्यानेच करायची असते, कारण त्यातच तो शिकतो. आपण ओळ हातात देतो तेव्हा त्याची ती संधी काढून घेतो.

आता तुम्ही काय करायचं ते विचारलंत म्हणून सांगते. त्यांना वैयक्तिक मेसेज करा. सॉरी एका ओळीत म्हणा, त्याला "पण माझा हेतू" असं शेपूट जोडू नका. मग त्या उंबऱ्याच्या शेराबद्दल लिहा. तुम्हीच मागे कधीतरी लिहिलं होतं की तुमचं गावचं घर विकल्यावर तुम्ही रस्ता बदलून जाता, तो शेर तुम्हाला कुठेतरी लागलाच असणार, आणि मला तर वाटतं की म्हणूनच त्या ओळीतलं अडखळणं तुम्हाला एवढं टोचलं. ते त्यांना सांगा. मात्रांचं काही लिहू नका, ते त्यांनी काल स्वतःहून मला विचारलं आणि आम्ही फोनवर तासभर बसलो. "दुसऱ्याचे" हा शब्द सोडायला त्या तयार नाहीत. मी म्हटलं सोडूच नका, तो वृत्तात बसतो, फक्त ओळीच्या सुरुवातीला नुसतं "गाल" (एक गुरू, एक लघु) असलेलं काहीतरी येऊ द्या, "आज" सारखं. सकाळी त्यांचा मेसेज आला होता, "आज दुसऱ्याचे" इथपर्यंत झालंय, पुढचं घर कुठे ठेवायचं ते अजून सापडत नाहीये.