वाचकांचे प्रश्न: मयासुर, मिरची आणि माया लोक

प्रश्न: आमच्या फॅमिली ग्रुपवर मेसेज फिरतोय की अमेरिकेतले माया लोक म्हणजे आपल्या मयासुराचे वंशज, अमेरिका म्हणजेच पाताळ, म्हणूनच त्यांना शून्य माहीत होतं. घरात यावरून दोन पार्ट्या पडल्यात. खरं काय? (एक वाचक भगिनी, महाल, नागपूर)

उत्तर: ताई, मय आणि माया ही नावं कानाला सारखी लागतात, बस्स, त्यापलीकडे काही नाही. ते सगळे लोक स्वतःला माया म्हणवायचे असंही नाही, मेक्सिकोच्या युकातान भागात मायापान नावाचं शहर होतं, त्यावरून ते नाव पुढे सगळ्यांनाच चिकटलं.

पण मला यातला सगळ्यात पक्का पुरावा आपल्या स्वयंपाकघरात दिसतो. सावजीची तर्री डोळ्यासमोर आणा, भिवापुरी मिरचीची लालभडक. ही मिरची मूळची मेक्सिकोकडची, आणि आपल्याकडे आणली पोर्तुगीजांनी, म्हणजे 1498 नंतरच. त्याआधी आपल्याकडे तिखट म्हणजे मिरे नाहीतर पिंपळी, मिरची हे नावही मिऱ्यावरूनच पडलंय. आता महाभारतापासून येणंजाणं असतं तर इतक्या वर्षांत कोणी मूठभर बी आणलं नसतं का? आणि इकडून तिकडे गाय, घोडा, ऊस, लोखंड, काहीतरी गेलंच असतं ना? माया लोकांकडे यातलं काहीच नव्हतं. एकादशीची साबुदाणा खिचडी घ्या, साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो दक्षिण अमेरिकेतला, शेंगदाणा तिकडचाच, बटाटा अँडीज पर्वतातला, मिरची तर आत्ताच सांगितली. हे सगळं तिथल्या शेतकऱ्यांनी हजारो वर्षं बी निवडून निवडून तयार केलंय, त्याचं श्रेय त्यांनाच द्यायला हवं असं मला फार मनापासून वाटतं.

मक्याचंच पाहा ना. दक्षिण मेक्सिकोत सुमारे 9000 वर्षांपूर्वी एका रानगवतापासून तो घडवला, त्या गवताच्या कणसाला जेमतेम पाच-बारा कडक दाणे असतात. शिवाय तिथल्या बायका मका चुन्याच्या पाण्यात उकळून, रात्रभर भिजत ठेवून, सकाळी धुवून दगडावर वाटायच्या, तो दगड म्हणजे अगदी आपला पाटा-वरवंटाच. चुन्यामुळे साल निघतं आणि दाण्यात अडकलेलं एक जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपने मका नेला पण ही रीत नेली नाही, मग जिथे गरीब माणसं नुसत्या मक्यावर जगायची तिथे पेलाग्रा नावाचा रोग पसरला. माया लोकांच्या कथेत तर देवांनी माणूस आधी मातीचा केला, मग लाकडाचा, दोन्ही फसले, आणि शेवटी मक्याच्या पिठाचा केला तो टिकला.

शून्य मात्र त्यांना खरंच माहीत होतं, आपल्याकडून न शिकता. मोजणी विसाची, ठिपका म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच, शिंपला म्हणजे शून्य. मुलांना घरी करून दाखवा: मे महिन्यातलं आपलं 45 डिग्री लिहायचं तर खाली एक काडी आडवी ठेवा, वरच्या ओळीत दोन शेंगदाणे. वरचा प्रत्येक दाणा विसाचा, म्हणजे चाळीस अधिक पाच. विस लिहायचे तर वर एक दाणा आणि खाली कवडी.

प्रश्न: इंका लोकांना लिहिता येत नव्हतं म्हणतात, मग एवढं राज्य चाललं कसं? (एक विद्यार्थी, धरमपेठ)

उत्तर: गाठींवर! इंका म्हणजे दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतातले लोक. एका जाड दोरीला बारीक दोऱ्या लोंबत्या बांधायच्या, त्याला किपू म्हणतात. एककाच्या गाठी खाली, दशकाच्या वर, शतकाच्या त्याहून वर, आणि शून्य असेल तिथे जागा मोकळी. धान्याची कोठारं, माणसांची गणती, सगळा हिशोब यात असायचा.

प्रश्न: अॅझटेक लोक नरबळी द्यायचे. अशांना महान संस्कृती का म्हणायचं? (एक निवृत्त शिक्षक, नंदनवन)

उत्तर: सर, प्रश्न योग्य आहे आणि त्यावर पांघरूण घालायची माझी इच्छा नाही. बळी दिले जायचे, मेक्सिको सिटीत त्यांच्या मुख्य मंदिरापाशी कवट्यांची रचलेली भिंत 2015 मध्ये उकरून निघाली. त्यांची समजूत अशी की जग अंधारात होतं तेव्हा देव तेओतिवाकान या मेक्सिकोतल्या प्राचीन शहरात जमले, सूर्य व्हायला कोणीतरी आगीत उडी घ्यायची होती, श्रीमंत देव चार वेळा पुढे येऊन मागे सरला आणि अंगभर फोडं आलेल्या गरीब नानावात्सिनने डोळे मिटून उडी टाकली, तोच सूर्य झाला. देवांनी जीव दिला तर माणसांवर ते कर्ज आहे, असं त्यांचं गणित. पण यात सत्तेची दहशतही होती, सर, आणि शेजारचे लोक ती ओळखून होते. म्हणूनच 1521 मध्ये स्पॅनिश कोर्तेसने त्यांची राजधानी तेनोच्तित्लान घेतली तेव्हा त्याच्या बाजूने लढणारे हजारो लोक त्लाश्कालाचे होते, शेजारच्याच राज्यातले. आणि त्याच राजधानीत तळ्यात गाळ रचून बारमाही मळे पिकवले जायचे, पोरापोरींना शाळा सक्तीची होती. मी दोन्ही गोष्टी एकाच पानावर लिहितो, एक लिहून दुसरी गाळणं मला जमत नाही.